कुठलं बरं?

ताई गेली. म्हणजे तशी नाही. चाकांची बॅग ओढत, खिडकीजवळची जागा मिळवून, पोचल्यावर फोन करते असं सांगून गेली. आपल्या भाषेत दोन्ही प्रवासांना एकच क्रियापद पुरवून वापरतात. त्यामुळे समोरच्या काकूंना मी जिन्यात 'ताई गेली' एवढंच म्हणालो तेव्हा त्या आधी कठड्याला टेकल्या आणि मग म्हणाल्या, 'अगं बाई, कशानं रे?' मी म्हटलं, 'सकाळच्या गाडीनं.' काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. तर या गोष्टीचा शेवट हा असा आहे. तो सांगून झाला. आता तो झालेलाच नाही असं धरून चालू. मला तसं धरून चालायची सवय आहे आणि वाचणाऱ्याचं त्यात काही जात नाही. ताई आत आहे. टॉवेल झटकते आहे. नळ नीट बंद केला नाही म्हणून मला हाक मारण्याच्या बेतात आहे.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून माप घेतात, माप आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, आणि ते घट्ट झालं की टेबलावर दात उभे राहतात; माणूस बाद, दात हजर. ओठ नाहीत, डोळे नाहीत, भुवया नाहीत. चेहऱ्यांनी मला आयुष्यात जो त्रास दिला आहे तो बघता हे काम मला मानवतं. एके दिवशी एक साचा सोडवला, कडेचं प्लास्टर घासलं, फुंकर मारली आणि पुढचा एक दात बघून हात थांबला. तो शेजारच्या दातावर खांदा टेकवून उभा होता, रांगेत कंटाळलेल्या माणसासारखा. आमच्या वडिलांचा दात. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली (हे मात्र तसे गेले), आणि हा दात त्यांनी दोघांतच वाटला होता, एक मला आणि एक ताईला. माझा जागेवर होता. जिभेनं तपासून घेतला.

'काय रे, चावलं का काही?' शेजारच्या स्टुलावरून कवळीनं विचारलं. कवळीचे स्वतःचे सगळे दात शाबूत आहेत. तो घरी एक अक्षर बोलत नाही, सगळं लॅबमध्येच बोलतो, म्हणजे संध्याकाळी तोंड काढून इथंच पेल्यात ठेवून जात असणार, म्हणून कवळी. मी म्हटलं, 'ही माझी बहीण आहे.' त्यानं साचा हातात घेतला, दिव्याखाली धरला. 'नमस्कार ताई,' तो साच्याला म्हणाला. 'तुमचा भाऊ आमचं डोकं खातो.' मग सुळ्यावरून अंगठा फिरवला आणि गप्प झाला. कवळी गप्प झाला की लॅबमधल्या मोटरीचा आवाज ऐकू येतो. 'दात खाते रे ही,' तो हळूच म्हणाला. आणि खरंच, सुळ्यांची टोकं झिजून गेली होती, दाढांवर पायरीच्या दगडासारखे गुळगुळीत सपाट पट्टे पडले होते. असे पट्टे एका रात्रीत पडत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की झोपेत दात खाण्याची तक्रार, रात्री दातांवर घालायची कडक पट्टी करून द्यावी. माझ्या बहिणीची तक्रार मला गावभर फिरून, प्लास्टरमधून कळली. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आणि आम्ही दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना झोपतो.

आता दात खाणे म्हणजे काय, ते भाषा एक सांगते आणि दातांचे डॉक्टर दुसरं. भाषेत माणूस रागानं दात खातो. डॉक्टर म्हणतात ताण असतो, काळजी असते, कधी काहीच नसतं, नुसता जबडा तसा असतो. दात जोर सांगतात, कारण सांगत नाहीत. मी साच्याकडे बघत बसलो आणि मनात हिशेब असा होता: ताई रोज रात्री माझ्यावर दात खाते आहे, की माझ्यासाठी खाते आहे? कारण आठवड्यापूर्वीच तिनं जेवताना, वाटी पुढे सरकवावी तितक्या सहज सांगितलं होतं, 'मला तिकडच्या जलशुद्धीकरण केंद्रात बोलावलंय. तपासणीची प्रमुख म्हणून. राहायला घर देतायत.' 'मग?' 'मग काही नाही. सांगितलं. महिनाअखेर कळवायचंय.' मी ताबडतोब म्हणालो, 'जा की! छानच आहे!' आणि ताईनं घास तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. 'काल किती झोपलास?'

हे आमच्या घरातलं मोजमाप आहे. दुसऱ्या घरात माणूस उदार झाला तर त्याचं कौतुक होतं. मी उदार झालो की माझी झोप मोजतात. मला जो आजार आहे त्याला पुस्तकात द्विध्रुवीय म्हणतात. दोन ध्रुव पृथ्वीलाही आहेत, तिला कुणी गोळ्या देत नाही. पण हा विनोद मी डॉक्टरबाईंना ऐकवला तेव्हा त्यांनी माझा डोस बघून घेतला, त्यामुळे आता तो मी फक्त निरोगी लोकांत करतो. आजाराच्या चढाबद्दल आणि उताराबद्दल लोक बरंच बोलतात: चढात माणूस झोपत नाही, पैसे उधळतो, उतारात उठत नाही. हे सगळं आहेच. पण माझी खरी पंचाईत वेगळीच होती. चढात मला माणसं कळायची. सगळी. फुकट. बसमध्ये चढलो की ड्रायव्हरच्या मानेवरून कळायचं की याचं बायकोशी पटत नाही आणि दोष याचा आहे. लॅबच्या मालकांनी 'आज ओव्हरटाइम आहे' म्हटलं की त्यामागचं एकाकी बालपण मला स्वच्छ दिसायचं, आणि मी ते सगळ्यांसमोर त्यांना समजावूनही सांगितलं होतं. मालक म्हणाले, 'बाळ, माझं बालपण चांगलं गेलं. ओव्हरटाइम आहे.' मला त्यांची दया आली. किती खोल दडवलंय माणसानं, असं वाटलं.

त्याच दिवसांत एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी माझ्याकडे आली होती. पूर्ण वरची, साधं काम. पण त्यांच्या हिरड्यांच्या साच्यावरून हात फिरवताना मला कळलं (दुसरा शब्द नाही, कळलंच) की या माणसाला तरुणपणी पुढच्या दोन दातांत फट होती, त्या फटीतून तो शीळ घालायचा, कुणासाठी तरी घालायचा, आणि ती फट गेल्यापासून तो आयुष्यात हसलेला नाही. मी फट ठेवली. नुसती ठेवली नाही, जीव ओतून ठेवली. मेणात पुन्हा पुन्हा दात सरकवत बसलो, डोळ्यांत पाणी येत होतं. ती कवळी परत आली. गृहस्थांच्या बायकोनं निरोप पाठवला होता की काम सुबक आहे, पण हे दात कुणाचे आहेत? यांना कधीच फट नव्हती. यांना शीळ येत नाही. आणि आता हे बोलले की शिट्टी वाजते व कुत्रा धावत येतो. लॅबमध्ये सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, दोन महिन्यांनी, उताराला लागायच्या आधीच्या सपाटीवर, जिथे मी थोडा वेळ थांबलो होतो.

उतारात याच्या उलट होत नाही. उलट झालं असतं तर बरं. उतारातसुद्धा मला माणसं कळतात, फक्त सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट असते, आणि ती माझ्याबद्दल असते. त्या काळात मी खोलीबाहेर येत नसे. ताई कामावरून आली की माझ्या दाराबाहेर जमिनीवर बसायची आणि दिवसभराचा पाण्याचा अहवाल मोठ्यानं वाचून दाखवायची. ती पाणी तपासते. शहराला प्यायला जाण्याआधी कुणीतरी त्याला रंग आहे का, वास आहे का, चव आहे का ते बघावं लागतं, आणि काहीच नसेल तर ते उत्तम समजतात. 'क्लोरीन ठीक. गढूळपणा मर्यादेत. वास: नाही. चव: नाही.' रोज. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत असे आणि मला खात्री होती की ती मला सुनावते आहे: बघ, मी दिवसभर लोकांच्या उपयोगी पडते आणि तू. वाक्य ती तिथं संपवत नसे पण मला पुढचं ऐकू यायचं. खूप नंतर, एकदा बाजारातून पिशव्या घेऊन येताना मी तिला हे सांगितलं. ती रस्त्यातच उभी राहिली. 'अरे बावळटा,' ती म्हणाली, 'काय बोलावं सुचत नव्हतं. गप्प राहायची भीती वाटायची. पर्समध्ये तेवढाच कागद होता.'

म्हणजे चढात चूक, उतारातही चूक. मग बरा असताना? गोळ्या लागू पडल्यावर पहिल्यांदा बसमध्ये चढलो तर ड्रायव्हरची मान नुसती मान होती. मला कुणाचंच काही कळेना. ही तक्रार मी डॉक्टरबाईंकडे केली. त्या म्हणाल्या, 'मला तरी कुठं कळतं?' 'मग तुम्ही काय करता?' 'विचारते.' एवढ्यासाठी त्या फी घेतात. पण गंमत म्हणजे हा उपाय आम्ही घरी चालू केला, आणि तो अडला एका शब्दावर. ताई बोलते कमी, आणि जे बोलते त्यातलं बहुतेक 'बरं' असतं. दूध संपलंय: बरं. मला यायला उशीर होईल: बरं. मला वाटतं जगण्यात अर्थ नाही: बरं, आधी शर्ट बदल. चांगल्या पाण्यासारखा चेहरा आणि त्यातून येणारा हा शब्द. चढात मला त्यात टाळ्या ऐकू यायच्या, उतारात दार आपटल्याचा आवाज. शेवटी नियम ठरला की मला कळलं नाही तर मी विचारायचं, 'कुठलं बरं?' आणि तिनं खोटं न बोलता सांगायचं. हळूहळू आमच्याकडे बऱ्यांची नावंच पडली. फोन ठेवायचं बरं. भांडं आपटायचं बरं. कपाळाला हात लावून म्हणायचं बरं. 'पुरे आता' बरं. एक होतं 'ऐकलं नाही पण हो' बरं, ते तिनं फार उशिरा कबूल केलं. समोरच्या काकूंना वाटतं की ही भावंडं एकमेकांना सतत उलटून बोलतात. पण माझा त्यावर संसार चालला होता, तुलनेनं स्वस्तात.

तर त्या जेवणाच्या आदल्या रात्री मी सात तास झोपलो होतो. तसं सांगितलं. ताई 'हं' म्हणाली आणि विषय पाण्यात विरला. पुढचे दिवस माझ्यापुढे एक अजब काम होतं: 'तू जा' हे दोन शब्द आजारी वाटणार नाहीत अशा आवाजात म्हणायचे. आनंदानं म्हटलं तर चढ. हळू म्हटलं तर उतार. मी लॅबमध्ये सराव केला. 'तू जा,' मी साच्याला म्हटलं. कवळी म्हणाला, 'हे तर घराबाहेर काढल्यासारखं वाटतं.' 'तू जा.' 'आता रडशील.' 'तू जा.' 'आता कसं, चहा सांगितल्यासारखं. पण एक विचारू? तुला ती जायला हवीय का?' मी म्हटलं, मला काय हवंय त्याचा इथं संबंध नाही, तिला काय हवंय ते शोधायचं चाललंय. 'मग तिला विचार ना.' 'विचारलं तर ती म्हणणार, तू बरा असशील तर जाईन. आणि मी बरा आहे हे मी सांगून ती मानणार नाही, कारण बरा नसतानाही मी तेच सांगतो.' कवळीनं मेणाचा चमचा खाली ठेवला. 'तुमच्या घरात,' तो म्हणाला, 'दोन माणसांना मिळून एक जबडा आहे. वरचा हलला की खालचा दुखतो.' मग त्याला स्वतःचंच वाक्य आवडलं आणि तो ते दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत फिरला.

पट्टी मीच केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि या वेळी कुठंही फट ठेवली नाही, कशाचाही अर्थ लावला नाही. वरचा जबडा, खालचा जबडा, बिजागरीच्या यंत्रात समोरासमोर बसवले, मधे निळा कागद धरला आणि मिटवले. निळा कागद हे आमच्या धंद्यातलं सर्वांत प्रामाणिक साधन आहे. जिथं दोन दात एकमेकांना लागतात तिथं निळा ठिपका उठतो; जिथं जास्त लागतात तिथं ठिपका गडद. तेवढंच घासायचं. त्याला चावा उंच आहे असं म्हणतात. उंच चावा माणसाला झोपू देत नाही. यंत्र उघडमीट करताना माझ्या मनात आलं की माणसामाणसांत धरायला असा कागद हवा होता, म्हणजे बोलणं झालं की काढून बघायचं, कुठं लागलं, किती लागलं. मग लगेच मनात आलं की ही कल्पना जरा जास्तच चांगली आहे, आणि मी आदल्या रात्रीची झोप मोजली. ठीक होती.

खरं म्हणजे पट्टी तोंडात बसवून बघण्याचं काम डॉक्टरचं. पण ताई म्हणाली, 'दाखव तरी,' आणि रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर, अंड्यांच्या बशा बाजूला सारून, मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. 'तुझ्याकडेच जाणार हे मला माहीत होतं,' ती म्हणाली. 'मग सांगितलं का नाहीस?' 'काय सांगायचं? रात्री जाग येते, तू झोपलायस का ते ऐकत पडते, आणि सकाळी जबडा दुखतो. सांगितलं असतं तर तू जागा राहिला असतास, मला झोप लागावी म्हणून.' हे खरं होतं. मी तसंच केलं असतं. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, आणि मधून दोघंही एकमेकांच्या झोपेला कान लावून. मी विचारलं, 'रागानं नाही ना खात?' ताईनं विचार केला. तिचा विचार चेहऱ्यावर दिसत नाही, पण बशीवर ठेवलेलं बोट थांबतं. 'कधी कधी रागानंपण,' ती म्हणाली. 'सगळ्या रात्री सारख्या नसतात.' 'माझ्यावर?' 'तुझ्यावर, पाण्यावर, वडलांवर. त्या दातामुळे मला कधी नीट फोटो काढता आला नाही.' मग तिनं तोंड उघडलं आणि मी पट्टी बसवली. मधे निळा कागद धरला. 'चाव. टकटक कर. आता बाजूला घास. डावीकडे लागतं?' तिनं मान हलवली. मी काढली, निळा ठिपका घासला, परत बसवली. तिच्या श्वासाला चहाचा वास होता. इतक्या जवळून मी तिचा चेहरा कित्येक वर्षांत बघितला नव्हता, आणि त्यात मला काहीही कळत नव्हतं, आणि त्यामुळे तो मला फार सविस्तर दिसत होता: भुवईतला एक पांढरा केस, कानाजवळचा डाग, खालच्या पापणीची बारीक थरथर, जिचा अर्थ मी लावला नाही.

आणि तेव्हा, ती तोंड मिटून बसलेली असताना, मी म्हणालो, 'तू जा. मी बरा आहे.' वेळ मी साधली होती हे नाकारत नाही. पट्टी तोंडात असताना तिला झोपेचे तास विचारता येणार नव्हते. सरावातला तिसरा आवाज लागला, चहा सांगितल्यासारखा. मग शेवटच्या अक्षरावर तो किंचित घसरला. पट्टीच्या मागून आवाज आला, 'बअं.'

मी हे 'बरं' आधी कधीच ऐकलेलं नव्हतं. त्याला र नव्हता. चढ नव्हता, उतार नव्हता, भांडं नव्हतं, फोन नव्हता, कपाळ नव्हतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. पट्टीनं सगळं गाळून टाकलं होतं आणि ती पट्टी माझ्याच हातची होती. मी नियमाप्रमाणे विचारलं, 'कुठलं बरं?' ताईनं पट्टी काढली, रुमालानं पुसली, बशीत ठेवली. जबडा इकडेतिकडे हलवून बघितला. नळ गळत होता आणि ती उठली नाही. 'मला माहीत नाही रे,' ती म्हणाली.

इतकी वर्षं मी असं समजत होतो की प्रत्येक माणसाच्या आत उत्तर तयार असतं, आणि अडचण फक्त दाराची आहे. चढात मी दार फोडून आत जायचो, उतारात दाराबाहेर उभा राहून आतले हसण्याचे आवाज ऐकायचो, आणि बरा असताना सभ्यपणे कडी वाजवायचो. आत जाऊन बघावं तर तिथंही एक माणूस कानोसा घेत उभं आहे, ही शक्यता कुणी बोलून दाखवली नव्हती. डॉक्टरबाईसुद्धा नाहीत. मला एकदम हलकं वाटलं, आणि मग इतकं हलकं वाटणं बरं आहे का असं वाटलं. 'तुला जायचंय का?' मी विचारलं. हे मी आधी विचारलं नव्हतं. मी नुसता जा म्हणत होतो. 'हो,' ताई म्हणाली. 'आणि नाहीपण. पण हो आधी येतंय.' 'भीती वाटते?' 'तुझी नाही वाटत. म्हणजे वाटते. पण तिकडे रात्री जाग आली तर ऐकायचं काय, त्याची जास्त वाटते.' मग ती अंड्याच्या बशा उचलायला लागली आणि पाठमोरी म्हणाली, 'नळ दुरुस्त करून घे. मी आहे तोवर.'

ती गेलीच असती, तर पहिला फोन साधारण असा झाला असता. 'झोपलास?' 'झोपलो. तू?' 'लागली झोप. पट्टी घातली होती.' 'लागते का कुठं?' 'नाही. पाणी इथलं जड आहे जरा. नळ?' 'केला दुरुस्त.' 'घर मोठं वाटतं का तुला?' 'भिंतीपलीकडे कुणी नाही, बाकी तेवढंच आहे.' 'मी दर आठवड्याला येणार नाही हं. येते म्हणेन, पण येणार नाही.' 'बरं,' मी म्हणालो असतो. आणि तिकडून ताईनं विचारलं असतं, 'कुठलं बरं?' मी फोन कानाशी धरून, दुरुस्त झालेल्या नळाकडे बघत, आत जाऊन शोधलं असतं. खूप वेळ शोधलं असतं. पण ती गेलेलीच नाही, असं आपलं ठरलं आहे. तेव्हा उत्तर द्यायचा प्रश्न येत नाही. फक्त हे ठरणं रीतसर व्हावं, उद्या कुणी हरकत घेऊ नये, म्हणून खालीलप्रमाणे.

प्रति, पाणी तपासणी विभाग. महोदय, सोबत 'बरं' नग एक पाठवीत आहे. नमुना आमच्या स्वयंपाकघरात, सकाळच्या वेळी, न उकळता घेतलेला आहे. तो एकदा गाळला गेला आहे, त्यास अर्जदार जबाबदार आहे. तरी कृपया सदर नमुन्याचा रंग, वास, चव व गढूळपणा तपासून अहवाल द्यावा. हे काम आपल्याकडे ज्यांना जमत असे त्या आता आपल्याकडे नाहीत, याची अर्जदारास कल्पना आहे. अहवाल हाती येईपर्यंत, सदर व्यक्ती आतल्या खोलीत टॉवेल झटकीत आहे असे धरून चालण्याची अर्जदारास परवानगी असावी, ही विनंती.